गवताची नदी आणि विकतचा अजगर

दोस्तांनो, भिंतीवरचा जगाचा नकाशा जरा जवळ जाऊन बघा. अमेरिकेच्या उजव्या बाजूला अगदी खाली, समुद्रात अंगठा बुडवावा तसा जमिनीचा एक तुकडा दिसेल. तो फ्लोरिडा. भूगोलात 'द्वीपकल्प' शिकलात ना? तिन्ही बाजूंना पाणी आणि एका बाजूला जमीन. त्या अंगठ्याच्या नखापाशी मायामी शहर आहे. आज आपल्याला जायचंय मायामीच्याही खाली, एका अजब नदीवर. आणि तिथं गेल्यावर भेटायचंय एका पाहुण्याला. हा पाहुणा चोरून आलेला नाही बरं का! तो रीतसर दुकानातून, पैसे मोजून, कायद्यानं विकत घेतलेला होता. गंमत म्हणा, दुःख म्हणा, सगळी गोष्ट तिथंच आहे.

मायामीहून दक्षिणेला निघालं की तासाभरात होमस्टेड नावाचं गाव लागतं. इथली हवा आपल्या कोकणासारखी गरम आणि दमट, त्यामुळं आजूबाजूला चक्क आंब्याच्या बागा आहेत! गाव मागं पडलं की शेतं संपतात आणि एव्हरग्लेड्स राष्ट्रीय उद्यानाची पाटी येते. इथून एक रस्ता आत जातो. सुमारे ६१ किलोमीटर गेल्यावर फ्लेमिंगो नावाच्या ठिकाणी तो समुद्राला भिडतो आणि संपतो.

या रस्त्यावर डोंगर शोधू नका. टेकडीसुद्धा मिळायची नाही. वाटेत एका ठिकाणी मात्र मोठ्या ऐटीत पाटी लावली आहे : 'रॉक रीफ खिंड, उंची तीन फूट'! कसारा आणि खंडाळ्याचे घाट चढलेल्या तुम्हा मंडळींना हसूच येईल. पण इथं तीन फूट म्हणजे खरोखरच उंचवटा. कारण बाकी सगळीकडं पाणी आहे.

पाणी, पण दिसतं मात्र गवत! क्षितिजापर्यंत पिवळसर हिरवं गवत. त्याच्या पात्यांच्या कडेला करवतीसारखे बारीक दात असतात, हात फिरवलात तर कापतो. त्या गवताच्या मुळाशी घोट्याएवढं, कुठं गुडघ्याएवढं पाणी असतं आणि ते वाहत असतं. उत्तरेकडच्या ओकीचोबी सरोवराकडून ते हळूहळू समुद्राकडं सरकतं. किती हळू? दिवसभरात जेमतेम तीसेक मीटर! आपली गोगलगायसुद्धा शर्यत जिंकेल. मार्जोरी स्टोनमन डग्लस नावाच्या लेखिकेनं १९४७ साली या प्रदेशावर पुस्तक लिहिलं आणि त्याला नाव दिलं 'गवताची नदी'. तोवर लोक या भागाला नुसती दलदल समजत आणि ती बुजवून घरं बांधायच्या गोष्टी करत. त्याच वर्षी इथं राष्ट्रीय उद्यानही सुरू झालं. या बाई १०८ वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत या नदीसाठी भांडत राहिल्या.

आत शिरल्यावर थोड्याच अंतरावर रॉयल पाम नावाची जागा आहे. तिथून पाण्यावर बांधलेल्या लाकडी वाटेनं फिरता येतं. वाटेचं नाव 'अनहिंगा ट्रेल'. अनहिंगा म्हणजे काय? आपल्या तलावांवर लांब मानेचा, पाण्यातून नुसती मान बाहेर काढून सापासारखा पोहणारा तिरंदाज पक्षी असतो ना, त्याचाच हा अमेरिकेतला भाऊबंद! पंख पसरून तोही असाच उन्हात वाळत बसतो. खाली काठावर ॲलिगेटर पहुडलेले असतात. ॲलिगेटर म्हणजे रुंद तोंडाची मगरच. पण एव्हरग्लेड्सच्या खाऱ्या पाण्याकडं निमुळत्या तोंडाच्या खऱ्या मगरीही आहेत. ॲलिगेटर आणि मगर एकाच ठिकाणी रानात नांदतात अशी जगातली ही एकच जागा!

मग ससे कुठं गेले?

पक्षी दिसतात, ॲलिगेटर दिसतात. पण संध्याकाळी गाडीच्या दिव्यांत रस्ता ओलांडणारं एखादं छोटं जनावर दिसतंय का बघा. पूर्वी इथं डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेले रॅकून पुष्कळ दिसायचे. पिल्लांना पोटाशी धरून फिरणारे ऑपॉसम असायचे. दलदलीतले ससे असायचे, कोल्हे असायचे.

शास्त्रज्ञांनी काय केलं, रात्री गाडीनं ठरावीक रस्त्यांवरून हळूहळू जायचं आणि दिसेल तो प्राणी वहीत मांडायचा. असे हजारो किलोमीटर ते फिरले. मग १९९६-९७ ची जुनी मोजणी आणि २००३ ते २०११ ची नवी मोजणी शेजारी शेजारी ठेवली. २०१२ साली निकाल छापून आला. रॅकून दिसण्याचं प्रमाण ९९.३ टक्क्यांनी घटलं होतं. ऑपॉसम ९८.९ टक्क्यांनी. रानमांजरासारखा बॉबकॅट ८७.५ टक्क्यांनी. ससे आणि कोल्हे? नव्या मोजणीत एकही नाही!

ससे खरंच कोण खातंय, हे पाहायला शास्त्रज्ञांनी नंतर काही सशांच्या गळ्यात रेडिओचे पट्टे बांधून त्यांना उद्यानात सोडलं. २०१५ साली ती हकिगत प्रसिद्ध झाली. मेलेल्या सशांपैकी ७७ टक्के एकाच प्राण्याच्या पोटात गेले होते. तोच आपला पाहुणा : बर्मी अजगर.

पावती होती, परवानगी होती

बर्मी अजगर हा आपल्या भारतीय अजगराचा जवळचा नातलग. इतका जवळचा, की २००९ पर्यंत दोघांना एकाच जातीच्या दोन पोटजाती मानत. त्याचं मूळ घर म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, दक्षिण चीन. आपल्या ईशान्य भारतातही तो आढळतो. मग तो सात समुद्रांपलीकडं फ्लोरिडात पोचला कसा? पोहत नक्कीच नाही!

तो पोचला विमानानं, खोक्यात बसून. अमेरिकेत साप पाळायचा शौक मोठा. १९९६ ते २००६ या काळात नव्वद हजारांहून अधिक बर्मी अजगर त्या देशात आयात झाले. शिवाय तिथल्या तिथं अंडी उबवून पिल्लं विकणारेही होते. यात बेकायदा असं काही नव्हतं. प्राण्यांच्या दुकानात जायचं, काचेच्या पेटीतलं पिल्लू पसंत करायचं, पैसे द्यायचे, पावती घ्यायची. झालं!

आता ते पिल्लू डोळ्यांसमोर आणा. दीड-दोन फुटांचं, तुमच्या हाताच्या अंगठ्याएवढं जाड. अंगावर तपकिरी ठिपक्यांची सुंदर नक्षी. विष नाही. हातावर शांतपणे वेटोळं घालून बसतं. आठवड्यातून एखादा छोटा उंदीर दिला की खूश. कुणालाही वाटेल, यापेक्षा सोपा प्राणी दुसरा कुठला?

पण पिल्लू वाढतं. भराभर वाढतं. वर्ष-दीड वर्षात ते सात-आठ फुटांचं होऊ शकतं. काचेची पेटी पुरत नाही, मग मोठा पिंजरा, मग अख्खी खोली! उंदरावर भागत नाही, सशाएवढं खाणं लागतं. एकट्यानं उचलता येत नाही. जाणकार सांगतात, एवढ्या मोठ्या सापाला हाताळताना नेहमी दुसरं माणूस जवळ हवं. पूर्ण वाढलेली मादी पंधरा-सोळा फुटांची होते. आणि हा प्राणी पाळीव अवस्थेत वीस वर्षांहून जास्त जगतो. हिशेब करा : दहाव्या वर्षी हट्ट करून घेतलात, तर तुम्ही तिशीला याल तेव्हाही तो तुमच्याकडंच असेल. तुमचं कॉलेज होईल, नोकरी लागेल, गाव बदलेल. अजगराला कोण सांभाळणार?

तिथल्या काही मालकांपुढं हाच प्रश्न आला. दुकानदार परत घेईना, प्राणिसंग्रहालयं आधीच भरलेली. मारून टाकायला मन होईना, कारण प्रेमानं वाढवलेला. मग कुणीतरी एका संध्याकाळी गाडी काढली, गवताच्या नदीकाठी थांबवली आणि पेटीचं झाकण उघडलं. 'जा बाबा, सुखानं राहा.' ही माणसं दुष्ट नव्हती, दोस्तांनो. आपण प्राण्याला मोकळं केलं, असंच त्यांना वाटलं असेल.

भरीला १९९२ सालच्या ऑगस्टमध्ये अँड्र्यू नावाचं भयंकर चक्रीवादळ आलं. मघाशी आपण पाहिलेलं होमस्टेड गाव त्यात उद्ध्वस्त झालं. सरपटणारे प्राणी ठेवायच्या जागाही मोडल्या आणि त्यातले काही अजगर रानात गेले, असं मानलं जातं. पण रानात अजगर त्याआधीही दिसले होते. २००० सालापर्यंत सगळ्यांच्या ध्यानात आलं, की हे नुसते सुटलेले साप नाहीत. यांनी इथं संसार थाटलाय!

पाहुणा घरचा मालक झाला

का नाही थाटणार? हवा गरम, पाणी भरपूर, गवतात लपायला जागा आणि अजगर म्हणजे काय हे ठाऊकच नसलेले ससे! आपल्याकडच्या सशाच्या पूर्वजांनी हजारो वर्षं अजगर पाहिलाय. तिथल्या सशाला त्याचा वासही ओळखू येत नव्हता. मोठ्या अजगराला खाणारंही तिथं फारसं कुणी नाही. ॲलिगेटर कधी अजगराला खातो, पण कधी उलटही होतं. २००५ साली उद्यानात एक १३ फुटी अजगर मेलेला सापडला. त्यानं सहा फुटांचा ॲलिगेटर गिळला होता आणि त्याचं पोट फाटलं होतं. तो फोटो जगभर गाजला.

मादी एका वेळी डझनांनी अंडी घालते, त्यांच्याभोवती वेटोळं घालून बसते आणि अंग थरथरवून त्यांना ऊब देते. पाहावं तर कौतुकच वाटावं! २०२२ साली जाहीर झालेल्या एका मादीचं वजन ९८ किलो होतं आणि तिच्या पोटात तयार होत असलेली १२२ अंडी होती. २०२३ च्या जुलैमध्ये तर १९ फुटांचा अजगर पकडला गेला. तुमच्या वर्गाची एक भिंत आणि वर थोडं शेपूट!

आणखी एक गंमतशीर साखळी ऐका. रॅकून आणि ऑपॉसम संपले, तेव्हा त्यांचं रक्त पिणारे डास कुणाला चावणार? ते उंदरांना जास्त चावू लागले. त्या उंदरांत माणसाला आजारी पाडू शकणारा एक विषाणू असतो. म्हणजे दुकानातल्या एका पेटीपासून सुरू झालेली गोष्ट डासापर्यंत आणि माणसाच्या तापापर्यंत जाऊ शकते. निसर्गात एक धागा ओढला की दुसरीकडं कुठं उसवेल, सांगता येत नाही.

कायदा आला, पण उशिरा

मग सरकार जागं झालं. २००६ साली फ्लोरिडात एक चांगली योजना निघाली : परदेशी प्राणी झेपत नसेल तर आणून द्या, कुणी शिक्षा करणार नाही, कुणी रागावणार नाही. आम्ही त्याला दुसरा योग्य पालक शोधू. २००८ पासून बर्मी अजगरासाठी परवाना लागू लागला. वर्षाला १०० डॉलर फी, शिवाय सापाच्या कातडीखाली तांदळाच्या दाण्याएवढी मायक्रोचिप. साप हरवला आणि सापडला, तर मालक कोण ते कळावं म्हणून.

तरीही सगळेच नियम पाळत नव्हते. २००९ साली फ्लोरिडातल्याच एका घरात परवान्याशिवाय पाळलेला अजगर पेटीतून निसटला आणि दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला. २०१० पासून तिथं घरात पाळण्यासाठी नवा बर्मी अजगर घेणं बंद झालं. २०१२ साली साऱ्या अमेरिकेनं त्याची आयात बंद केली. २०२१ साली फ्लोरिडानं नियम आणखी कडक केले.

पण रानातल्या अजगरांना कायदा कोण वाचून दाखवणार? २०१३ साली तिथं अजगर पकडायची स्पर्धा ठेवली. सुमारे १,६०० लोकांनी नावं नोंदवली. महिनाभर सगळे गवत तुडवत फिरले आणि अजगर सापडले किती? फक्त ६८! कारण त्याची नक्षी गवतात अशी मिसळते, की पायाशी असला तरी दिसत नाही. पुढं पकडणाऱ्यांना सरकारी पगार सुरू झाला. २००० सालापासून आजवर वीस हजारांहून जास्त अजगर काढले गेले, तरी ते संपलेले नाहीत.

तुमच्यातला एखादा खट्याळ म्हणेल, 'मग तिथले लोक खाऊन का टाकत नाहीत?' विचारलं होतं बरं का, त्यांनीही! पण या अजगरांच्या मांसात पारा फार असतो, त्यामुळं ते खाऊ नका असाच सल्ला आहे.

मदतीला आले आपले लोक

आणि आता छाती फुगवायची गोष्ट. २०१७ साली फ्लोरिडानं मदतीला कुणाला बोलावलं ठाऊक आहे? तामिळनाडूतल्या इरुला जमातीच्या दोघांना! मासी सदैयन आणि वडिवेल गोपाल. पिढ्यानपिढ्या साप शोधण्यात इरुलांचा हात कुणी धरणार नाही. चेन्नईजवळ त्यांची सहकारी संस्था आहे. ती १९७८ साली सुरू झाली. सापांचं विष काढून ती औषध बनवणाऱ्यांना देते आणि सापांना पुन्हा रानात सोडते. सर्पदंशावरचं औषध त्याच विषापासून बनतं.

हातात लोखंडी गज आणि डोळ्यांत तेल, एवढ्याच सामानावर हे दोघे गवतात शिरले. वाकलेलं पातं, मातीवरचा ओघळ, वाळलेली विष्ठा, असं काही दिसलं की थांबायचे. पहिल्या दोन आठवड्यांतच त्यांनी १३ अजगर पकडले. त्यात जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या भुयारात लपलेली एक १६ फुटी मादीही होती. २०२३ साली भारत सरकारनं या दोघांना पद्मश्री दिली. शाळेच्या पुस्तकाबाहेरही केवढं शिक्षण असतं, बघा!

तिथल्या शास्त्रज्ञांच्याही युक्त्या भारी आहेत. नर अजगराच्या अंगात छोटा रेडिओ बसवून त्याला सोडायचं. विणीच्या हंगामात तो मादीला बरोबर शोधून काढतो आणि मागोमाग माणसं पोचतात! २०२५ साली तर हलणारे, उबदार अंगाचे खेळण्यातले ससे गवतात ठेवून अजगरांना फसवायचा प्रयोग सुरू झाला. खरे ससे संपले, म्हणून खोटे आणावे लागले.

आणि आपल्याकडं?

आपला भारतीय अजगर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या पंगतीत म्हणा ना! त्याला पकडणं, पाळणं, विकणं, विकत घेणं, सगळा गुन्हा. शेतात किंवा घराजवळ दिसला तर काठी घेऊन धावायचं नाही आणि उचलूनही आणायचं नाही. वन विभागाला कळवायचं.

परदेशी अजगर मात्र हौशी लोक आपल्याकडंही पाळतात. त्यासाठी २०२२ साली कायद्यात दुरुस्ती झाली. २०२४ च्या नियमांप्रमाणं अशा संरक्षित परदेशी प्राण्याची सरकारकडं नोंद करावी लागते. त्याला पिल्लं झाली, तो मेला किंवा दुसऱ्याला दिला, तेही कळवावं लागतं. तरी चोरटा धंदा चालतोच. २०२५ साली थायलंडहून मुंबई विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाच्या सामानात चाळीसहून जास्त विषारी साप सापडले!

तुम्ही म्हणाल, 'आम्ही कुठं अजगर घेणार आहोत?' बरोबर. पण नाण्याएवढं, गालावर लाल पट्टा असलेलं हिरवं कासव पाहिलंय ना, माशांच्या दुकानात? तेही परदेशी, मूळचं अमेरिकेचंच. मोठं झाल्यावर ते जेवणाच्या ताटलीएवढं होतं, वीस-तीस वर्षं जगतं आणि मग कंटाळलेले लोक त्याला गावच्या तलावात सोडून येतात. तिथं आपल्या देशी कासवांच्या वाट्याचं अन्न आणि ऊन खायला ते बसतं. त्यांचा अजगर तसं आपलं कासव!

म्हणून, कुठलाही प्राणी घरी आणण्याआधी आईबाबांसोबत बसून तीन प्रश्न कागदावर लिहा. हा मोठा होऊन केवढा होणार? किती वर्षं जगणार? आणि आपल्याला जमलं नाही, तर कुठं जाणार? 'कायद्यानं चालतं का?' हा प्रश्न तर विचारायचाच, पण तो पुरेसा नाही. फ्लोरिडातल्या त्या मालकांकडं पावती होती, काहींकडं परवानाही होता. त्या तीन प्रश्नांची उत्तरं मात्र नव्हती. ती पुढं सशांना द्यावी लागली.

आणि अजगर बघायची फारच हौस असेल, तर सुट्टीत पुण्याला कात्रजच्या सर्पोद्यानात जा. काचेपलीकडचा अजगर मनसोक्त बघा, वहीत त्याची नक्षी काढा. त्यात अजगराचं काही बिघडत नाही, तुमचंही नाही.